आसफजाही ध्वज : प्रतीकयोजना आणि तिचे वाचन

उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात समाविष्ट होता. त्या संस्थानाचा आसफजाही ध्वज आज बहुधा एका धार्मिक समुदायाचे चिन्ह म्हणून आठवला जातो. ध्वजाची रचना मात्र या समजुतीस दुजोरा देत नाही. त्याचे क्षेत्र हिरवे नसून पिवळे आहे. मध्यभागी चंद्रकोर नसून पांढरी चकती आहे.

ही चकती म्हणजे कुलचा. सूफी संत निजामुद्दीन औरंगाबादी यांच्याकडे पहिल्या निजामाने सात कुलचे खाल्ले व त्याचे घराणे सात पिढ्या राज्य करील असे भाकीत संतांनी केले, अशी आख्यायिका आहे. वस्तुतः गादीवर दहा जण बसले. 'आसफजाह' म्हणून गणना सातांचीच होते आणि पिढ्याही सातच भरतात. भाकिताचा हा नेमकेपणा सत्ता संपल्यानंतरच कळू शकतो, त्यामुळे आख्यायिकेचे प्रचलित रूप उत्तरकालीन असावे, या शंकेस जागा राहते. शिवाय ध्वजावर कुलचा एकच आहे. 'सात' हा आकडा कापडावर नाही, कथेत आहे! पहिल्या निजामाचे नाव मीर कमरुद्दीन. 'कमर' म्हणजे चंद्र. तेव्हा ती चकती पूर्णचंद्र म्हणूनही वाचता येते.

खरा प्रश्न अक्षरांचा आहे. वरच्या बाजूस ईश्वराच्या थोरवीचा उद्घोष, मध्ये घराण्याची पदवी आणि खाली 'या उस्मान' ही हाक. तिसऱ्या खलिफांचे आणि सातव्या निजामाचे नाव एकच असल्याने ही हाक दुहेरी ठरते. ज्याच्या नावावरून जिल्हा ओळखला गेला, त्याचेच नाव ध्वजावरही आले. ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या मराठी शेतकऱ्याला ना ती लिपी वाचता येत होती, ना कुलचा त्याच्या ताटात होता. तो या ध्वजाखाली होता, ध्वजात नव्हता. मराठी भाषक मुसलमान शेतकऱ्याची स्थितीही याहून फारशी वेगळी म्हणता येत नाही. म्हणून हा ध्वज समुदायाचा नव्हे, घराण्याचा होय.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या तिरंग्यातही मध्यभागी वर्तुळच आहे. परंतु त्यावर एकही अक्षर नाही. त्याच ऑगस्टमध्ये संस्थानात तो फडकविण्याचे आवाहन करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने याच जिल्ह्यातील नळदुर्ग ताब्यात घेतले आणि चार दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. जिल्ह्याचे नाव बदलण्यास मात्र २०२३ साल उजाडावे लागले.