धड्याखालचे प्रश्न

पाठ्यपुस्तकांवर आपल्याकडे टीका होते ती बहुधा धड्यांच्या निवडीवर. अमुक लेखक का गाळला, तमुक कविता का घेतली, इतिहासाला किती पाने दिली, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. धडा संपल्यावर त्याच्याखाली जो 'स्वाध्याय' छापलेला असतो, त्याच्याकडे मात्र समीक्षकांची नजर सहसा जात नाही. वास्तविक वहीत उतरतात ते हे प्रश्न, परीक्षेत येतात ते हे प्रश्न, आणि घरी आपण मुलाला विचारतो तेही 'प्रश्नोत्तरे झाली का?' एवढेच. शाळेतल्या शिकण्याची प्रत पाहायची असेल, तर धड्याखालचे प्रश्न हाही एक लेखनप्रकार मानून तो बारकाईने वाचला पाहिजे.

प्रथम एक लहानसा उतारा वाचावा. 'सकाळी डुंबऱ्या गिमक्याने तीन सापटी लोहवल्या. त्या पाहून वेंगटी चिरमुसली नाही, कारण तिच्या टोंबीत आधीच पुष्कळ सापटी होत्या.' यातले महत्त्वाचे शब्द केवळ या लेखासाठी बनवले आहेत. आता प्रश्न. गिमक्याने किती सापटी लोहवल्या? त्या केव्हा लोहवल्या? रिकाम्या जागी योग्य शब्द भरा : वेंगटीच्या ...... आधीच पुष्कळ सापटी होत्या. वेंगटी का चिरमुसली नाही?

वाचकांना चारही उत्तरे आली असतील. परीक्षकाने पूर्ण गुण द्यावेत अशीच ती असतील. मात्र सापट खायची असते की पांघरायची, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. 'का' हा प्रश्न विचार करायला लावतो असा आपला समज असतो. इथे तोही फसला, कारण उत्तर 'कारण' या शब्दापुढे तयारच ठेवलेले होते.

युक्ती सोपी आहे. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, त्यावर बोट ठेवायचे आणि पूर्णविरामापर्यंतचे वाक्य वहीत उतरवायचे. लहान वयातच मुलांना ती साधते आणि पुढे दहावीपर्यंत उपयोगी पडते. यात मुलांचा दोष काढता येणार नाही. कमीत कमी श्रमात काम उरकण्याची ही त्यांची हुशारीच आहे. दोष अशा प्रश्नाचा आहे, ज्याला समजल्यावाचून उत्तर देता येते.

दुभाषी जिल्ह्यांतल्या आपल्या घरांना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर ध्यानात यायला हवी. कर्नाटकात 2015 च्या कायद्याने शाळांमध्ये कन्नड शिकणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. घरी आणि गल्लीत मराठी बोलणारे मूल कन्नडच्या पेपरात याच युक्तीने उत्तरे लिहू शकते. अक्षरे ओळखली, प्रश्नातला शब्द धड्यात सापडला, की काम झाले. गुण पाहून आपण समाधान मानतो. पुढे त्याच मुलाला कचेरीतून आलेला कन्नड कागद वाचून काय लिहिले आहे ते सांग म्हटले, म्हणजे खरी परीक्षा होते. पलीकडे जत आणि अक्कलकोट भागांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या मुलांची मराठीच्या पेपरात हीच गत होत असेल तर नवल नाही. परक्या भाषेत हे पोकळपण लगेच उघडे पडते. आपल्या भाषेत ते झाकले जाते, कारण शब्द ओळखीचे असतात आणि मूल घडाघडा वाचते.

हे दुखणे जाणत्यांना कळले नव्हते असे नाही. 1989 मध्ये राज्यसभेत आर. के. नारायण यांनी मुलांच्या पाठीवरल्या दप्तराबद्दल कळवळून भाषण केले. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 1993 मध्ये तिचा अहवाल आला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक आहे, हा त्या अहवालाचा गाभा होता. आपण त्यातले दप्तर तेवढे उचलले. तागडीवर तोलता येते ते सरकारला आणि पालकांना लवकर दिसते. महाराष्ट्रात 2023 मध्ये पाठ्यपुस्तकांचे भाग पाडून त्यांत नोंदींसाठी कोरी पाने घालण्याचा प्रयोग झाला आणि 2025 मध्ये तो मागे घेतला गेला. त्या कोऱ्या पानांवर मुलाने लिहायचे काय, हा प्रश्न आधी सुटायला हवा होता. तीच उतरवलेली उत्तरे लिहायची असतील, तर ती वहीत लिहिली काय आणि पुस्तकात लिहिली काय, फरक कोणता?

या संदर्भात आपल्याच मुलखाशी जोडलेल्या जे. पी. नाईक यांची आठवण होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेल्या या माणसाने धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरीत ग्रामसेवा केली आणि 1964 ते 1966 या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून काम पाहिले. समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा त्रिकोण भारतीय शिक्षणात जुळत नाही, अशी मांडणी त्यांनी 1975 मध्ये पुस्तकरूपाने केली. या तिन्हींपैकी संख्येची बाजू आज बरीच भरून निघाली आहे. वाड्यावस्त्यांवर शाळा पोचल्या, पटावर बहुतेक मुले आली. परंतु 'असर'च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले 44.8 टक्केच आढळली. त्यातही ती चाचणी मुख्यतः मोठ्याने वाचून दाखवण्याची आहे. वाचलेले किती समजले, हा त्यापुढचा जिना.

आता एक साहित्याचे उदाहरण घेऊ. 'श्यामची आई'तला तो प्रसंग मराठी घरात कोणाला सांगावा लागत नाही. न्हाऊन उभा असलेला श्याम पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरतो, आई आपले लुगडे पसरते, आणि मग मनाच्या स्वच्छतेबद्दल बोलते. यावर नेहमीच्या पद्धतीचे प्रश्न काढले तर ते असे निघतील : श्यामने कोणता हट्ट धरला? आईने काय पसरले? आई श्यामला काय म्हणाली? शेवटी, या प्रसंगातून कोणता बोध मिळतो? सगळी उत्तरे मजकुरात आहेत, बोधसुद्धा आईने स्वतः सांगून टाकला आहे. मुलाला करण्याजोगे काही उरलेच नाही.

त्याऐवजी असे विचारून पाहावे. आईने आधी लुगडे पसरले आणि मग ती बोलली. आधी बोलली असती तर श्यामने ऐकले असते का? ती नुसतेच लुगडे पसरून गप्प राहिली असती तर? तुझा कोणता हट्ट घरात कोणी असा पुरवला आणि तेव्हा तुला काय वाटले? या प्रश्नांची उत्तरे बोट ठेवून सापडत नाहीत. त्यासाठी प्रसंग पुन्हा वाचावा लागतो. दोन मुलांची उत्तरे सारखी येणार नाहीत आणि दोन्ही बरोबर असू शकतील. वाङ्मय शिकवणे ते हेच.

अशा प्रश्नांना जागा देण्याचा प्रयत्न झालेला आहे, हेही नमूद केले पाहिजे. महाराष्ट्रात दहावीच्या मराठीला प्रश्नपत्रिकेच्या जागी 'कृतिपत्रिका' आली, ती मार्च 2019 च्या परीक्षेपासून. आकलनाच्या कृती वाढल्या आणि 'स्वमत' लिहिण्याला गुण ठेवले गेले. हेतू उत्तम होता. पण बाजार शाळेपेक्षा चपळ असतो. थोड्याच काळात गाईडांमध्ये स्वमतही छापून मिळू लागले. स्वतःचे मत दुसऱ्याने लिहिलेले, ते मुलाने पाठ करायचे आणि परीक्षकाने नमुना उत्तराशी ताडून गुण द्यायचे! विनोदी लेखकाला सुचणार नाही असा हा प्रकार आपण मुकाट्याने चालू दिला आहे.

शिक्षकांना एवढ्यावरून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. ज्याच्या समोर दोन-दोन इयत्ता एका खोलीत बसतात, ज्याला खिचडीचा हिशेब, जनगणना आणि निवडणुकीची यादी सांभाळायची असते, त्याला पन्नास वह्यांतली पन्नास वेगळी उत्तरे तपासायला वेळ कोठून मिळावा? एकच उत्तर असलेला प्रश्न तपासायला सोपा, आणि पालक भांडायला आला तर दाखवायला पुराव्याचा. पाठ टाचणात 'आकलन' आणि 'उपयोजन' हे शब्द तो शिस्तीने लिहितो. फळ्यावर मात्र स्मरणाचाच प्रश्न उतरतो, कारण पुढची सगळी व्यवस्था त्याचीच वाट पाहत असते. पाठांतरालाही मोडीत काढण्याचे कारण नाही. पाढे आणि कविता पाठ असणे ही आयुष्यभराची शिदोरी आहे. तक्रार एवढीच, की वाक्य उतरवणे हे पाठांतरही नव्हे. ते दुसऱ्या दिवशी विसरले जाते.

हा विषय सीमाभागातल्या अंकात का मांडायचा, याचे उत्तर आता द्यायला हवे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम 350-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी असे सांगते. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून आपल्या दोन-तीन पिढ्यांनी झीज सोसली. त्या आग्रहामागचा सर्वांत बळकट युक्तिवाद एकच होता : मुलाला आपल्या भाषेत समजते. पण शाळेतला प्रश्नच जर समजण्याची अपेक्षा ठेवत नसेल, तर हा युक्तिवाद पायातूनच ढासळतो. उतरवूनच काढायचे आहे तर इंग्रजीतून का नको, असे जो बाप म्हणतो आणि मुलाचे नाव मराठी शाळेतून काढतो, त्याला अस्मितेचे भाषण देऊन उपयोग नाही. त्याचा हिशेब चुकलेला नाही. मराठी शाळेचा पट घसरतो त्याला इतर अनेक कारणे आहेत, पण धड्याखालचे प्रश्नही त्यातले एक आहेत, आणि हे कारण दूर करायला बेंगळुरूची किंवा मुंबईची परवानगी लागत नाही.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या अनुभवापासून शिकवणे सुरू करता येते हे दाखवले. आपल्या भागातल्या साध्या शाळेलाही एक गोष्ट करण्याजोगी आहे, आणि तिचे साहित्य आपल्या अंगणातच आहे. प्रत्येक धड्याला एकच प्रश्न जोडावा : हा धडा शेजारच्या कन्नड मैत्रिणीला तिच्या भाषेत कसा सांगशील? ज्याला समजले नाही त्याला ते सांगता येणार नाही. ज्याला समजले आहे, तो मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, हातवारे करत का होईना, सांगेल. एखादा शब्द अडला की दोन्ही भाषांत शोध सुरू होईल. घरातल्या अडकित्त्यात कन्नड 'अडके', म्हणजे सुपारी, दडलेली आहे, हे त्या शोधात कळले तर भाषेचा तास सत्कारणी लागला. या उत्तराचे गाईड निघू शकत नाही, कारण प्रत्येकाची शेजारीण वेगळी आहे.

दिवाळीच्या सुटीत मुलांच्या वह्या घरीच असतात. त्यातली एखादी उघडावी. लाल शाईने 'छान' लिहिलेले एक उत्तर निवडावे, वही मिटावी आणि मुलाला म्हणावे, हे मला तुझ्या शब्दांत सांग. त्यानंतर जी शांतता होईल किंवा जे बोलणे सुरू होईल, त्यावरून शाळेत काय चालले आहे ते प्रगतिपुस्तकापेक्षा अधिक कळेल.