‘हम दोनो’चे पुनरागमन

‘हम दोनो’ म्हटले की वाचकांस 1961 सालचा देव आनंदचा चित्रपट आठवेल. तो कृष्णधवल चित्रपट 2011 साली रंगवून पुन्हा पडद्यावर आणण्यात आला. त्याच नावाची एक जाझची ध्वनिमुद्रिका 1969 साली लंडनमध्ये निघाली होती व पुढे कित्येक वर्षे ती दुर्मिळ होऊन बसली होती. ध्वनिसंस्कार केलेल्या आवृत्तीच्या रूपाने ती आता पुन्हा उपलब्ध झाली आहे. येथे मात्र रंग चढविलेला नाही. धूळ तेवढी झटकली आहे.

मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. एक जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट (1928–1973) यांचे. दुसरे मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा (1936–1996) यांचे. डेव्ह ग्रीन यांचा बास आणि ब्रायन स्प्रिंग यांचे ड्रम मिळून हे चतुष्टय पुरे होते. शिवाय इयान कार यांचे तुतारीच्या जातीचे वाद्य व नॉर्मा विन्स्टन यांचे निःशब्द गायन यांची जोड आहे.

हॅरियट हे मुक्त जाझचे एक आद्य प्रवर्तक. स्वरसंघांची ठरीव साखळी बाजूस सारून वादकांनी केवळ एकमेकांचे ऐकत वाजवावे, हा प्रयोग त्यांनी 1960 साली ‘फ्री फॉर्म’मध्ये केला. पुढे 1966 साली कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मेयर यांच्यासह त्यांनी ‘इंडो-जाझ सूट’ सिद्ध केला. त्यात पाच वादक भारतीय बाजूचे, पाच जाझचे. तबल्यावर होते केशव साठे. तो उपक्रम स्तुत्य खरा. परंतु दोन्ही पक्ष आपापल्या बाकांवर बसून आळीपाळीने युक्तिवाद करीत आहेत, असे आम्हां वकिली पेशाच्या माणसास वाटत राहते.

‘हम दोनो’त सतारही नाही आणि तबलाही नाही. जे भारतीय आहे ते एका गिटारवादकाच्या बोटांत आहे. ‘बॅलड फॉर गोवा’ ऐकताना मांडोची नक्कल शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. स्वरावर रेंगाळण्याची, तो सोडण्यापूर्वी त्याची चव घेण्याची एक सवय मात्र त्याला भेटेल.

ही ध्वनिमुद्रिका काटेकोर अर्थाने मुक्त जाझ नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्ही मान्य करतो. येथे चाली आहेत, ठेकाही आहे. पण स्वातंत्र्याची दुसरीही एक कसोटी आहे. आपण भारतीय असल्याचा दाखला जागोजाग सादर करण्याच्या सक्तीतून डिसिल्वा येथे मोकळे झाले आहेत. घरी मराठी व कचेरीत हिंदी बोलणाऱ्या आम्हां बुऱ्हाणपूरकरांना ही मोकळीक किती मोलाची, हे निराळे सांगावयास नको.

नव्या आवृत्तीचा लाभ नेमका येथेच होतो. आमच्या गावच्या कुंडी भंडाऱ्यात, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी मोगलकाळापासून भुयारांतून वाहत आले आहे. त्या भुयारांत क्षारांचे थर साचतात आणि झिरपा मंदावतो. थर काढणारा पाणी निर्माण करीत नाही. केवळ त्याची वाट मोकळी करतो. चांगल्या ध्वनिसंस्काराचे कामही एवढेच. आमच्या कानांना तरी बासची चाल आणि सॅक्सोफोनच्या मागे चाललेली गिटारची कुजबुज आता स्पष्ट जाणवते, आणि ही साथसंगत नसून बरोबरीचा संवाद आहे हे पटते.

गोमंतकीय वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाला आकार दिला, पण रसिकांपर्यंत त्यांची नावे क्वचितच पोहोचली. ‘हम दोनो’च्या मुखपृष्ठावर मात्र एक गोमंतकीय नाव बरोबरीच्या हक्काने छापलेले आहे. ही ध्वनिमुद्रिका दुर्मिळ होती म्हणून जपणारे पुष्कळ भेटतील. आमची विनंती एवढीच की, तिच्या शीर्षकातील ‘दोनो’ हा शब्द खरा ठरतो की नाही, हे प्रत्येकाने स्वतः ऐकून ठरवावे. आमचा निकाल तिच्या बाजूने आहे.