ग्राफमध्ये पाऊस कुठाय?

पनवेलला कोकणात जाणाऱ्या गाडीचं डब्ल्यूएपी-७ इंजिन बघा. सहा थ्री-फेज इंडक्शन मोटर, ब्रश नाहीत, ब्रेक लावताना वीज परत तारेत. जुन्या डीसी मोटरशी ही तुलना पेपरांत नेटकी असते. माझा आक्षेप पुढच्या ग्राफवर आहे. सिम्युलेशनमध्ये चाक-रुळाची पकड कायम एकच धरतात. अहो, गाडी सुटताना ओढीची मर्यादा पकडच ठरवते! इंजिन १२३ टनांचं, पकड ०.२७ धरली तर ओढ साधारण ३२५ किलोन्यूटन, ओल्या रुळावर ०.१५ धरली तर जेमतेम १८०. घसरतं चाक ओळखून टॉर्क झटकन उतरवणं, इन्व्हर्टरची खरी परीक्षा ही. पेपर हातात आला की जुलैतल्या रुळासाठी पकड किती धरलीय, ते आधी शोधा.