'उल्झानाज् रेड' : वाटाड्याचे ज्ञान आणि करारावरील सही

प्रास्ताविक

अमेरिकेतील 'वेस्टर्न' या चित्रपटप्रकारात घोडदळ आणि मूळनिवासी जमाती यांच्यातील संघर्षाचे चित्रण विपुल प्रमाणात झाले आहे. या चित्रणात स्काउट, म्हणजे सैन्याच्या पुढे जाऊन माग काढणारा वाटाड्या, हे पात्र मोक्याच्या जागी उभे असते. तो सैन्याचा पगार घेतो; परंतु त्याचे ज्ञान सैन्याच्या शाळेत मिळालेले नसते. शत्रूची भाषा, सवयी आणि वाटा त्याला ठाऊक असतात. हे ज्ञान शत्रूच्या नाशासाठी वापरले जाते, हा या पात्राच्या मुळाशी असलेला नैतिक पेच होय. रॉबर्ट आल्ड्रिच दिग्दर्शित 'उल्झानाज् रेड' (१९७२) या चित्रपटाने हा पेच जितक्या निष्ठुरपणे मांडला आहे तितका तो क्वचितच मांडला गेला असेल. ॲलन शार्प यांची पटकथा आणि बर्ट लँकेस्टर यांची प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटाचा विचार बहुधा व्हिएतनाम युद्धाचे रूपक म्हणून केला जातो. चित्रपटाचा काळ पाहता ते वाचन योग्य ठरते. तथापि ते अपुरे आहे. त्यामुळे चित्रपटातील दुसऱ्या वाटाड्याकडे, के-नी-टे या अपाची स्काउटकडे, पुरेसे लक्ष जात नाही. वास्तविक चित्रपटाचे नैतिक ओझे त्याच्याच खांद्यावर आहे.

मॅकिंटॉश : अधिकाराविना ज्ञान

ॲरिझोनातील सॅन कार्लोस या राखीव क्षेत्रातून उल्झाना मूठभर साथीदारांसह निसटतो आणि वसाहतकऱ्यांवर हल्ले सुरू करतो. त्याच्या पाठलागावर निघालेल्या तुकडीचे नेतृत्व धर्मोपदेशकाचा मुलगा असलेल्या लेफ्टनंट डेब्युइन या नवख्या अधिकाऱ्याकडे सोपवले जाते. सोबत मॅकिंटॉश हा मुरलेला गोरा स्काउट आणि के-नी-टे असे दोघे वाटाडे असतात. निर्णयाचा अधिकार डेब्युइनकडे आणि परिस्थितीचे ज्ञान वाटाड्यांकडे, अशी ही विभागणी आहे. चित्रपटातील बहुतेक शोकांतिका या विभागणीतून घडतात.

मॅकिंटॉशचे ज्ञान भावनेपासून अलिप्त आहे. तो एका अपाची स्त्रीबरोबर राहतो. अपाचींचा द्वेष वाटतो का, या डेब्युइनच्या प्रश्नाला त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की वाळवंटात पाणी नाही म्हणून वाळवंटाचा द्वेष करण्यात अर्थ नसतो. भीती मात्र बाळगावी. अत्याचारानंतरही एका वसाहतकरी स्त्रीला जिवंत सोडलेले आढळते, तेव्हा डेब्युइनला त्यात दयेचा अंश दिसतो. मॅकिंटॉश मात्र त्यातील डाव ओळखतो. तिला किल्ल्यावर पोहोचवण्यासाठी तुकडीची विभागणी करावी लागेल आणि त्या छोट्या पथकाचे घोडे हाती लागतील, हा उल्झानाचा हिशेब असतो. शत्रूच्या नजरेतून पाहण्याची ही क्षमता म्हणजेच वाटाड्याचे खरे कौशल्य होय.

येथे एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. वाळवंटाची उपमा तिरस्कार टाळते, परंतु त्याच वेळी माणसांना निसर्गाच्या पातळीवर नेऊन ठेवते. वाळवंटाला इतिहास नसतो आणि तक्रारही नसते. उल्झाना सॅन कार्लोसहून का निसटला, याचे उत्तर चित्रपट एक-दोन वाक्यांत उरकतो. अपाचींच्या क्रूरतेची मीमांसा मात्र सविस्तर होते. मरणाऱ्याचे बळ मारणाऱ्याला प्राप्त होते, असे स्पष्टीकरण के-नी-टेच्या तोंडून येते. हल्ल्याची कारणे राजकीय परिस्थितीत न शोधता जमातीच्या स्वभावात शोधण्याची वाट त्यामुळे मोकळी होते. असे असूनही चित्रपट प्रामाणिक राहतो, तो एका प्रसंगामुळे. उल्झानाच्या मृत मुलाच्या देहाची विटंबना गोरे सैनिक करतात आणि डेब्युइनची नीतिकल्पना कोलमडते. क्रूरता एकाच जमातीची मक्तेदारी असल्याचा समज चित्रपट स्वतःच मोडून काढतो.

के-नी-टे : सहीचा अर्थ

के-नी-टे आणि उल्झाना हे एकमेकांचे साडू आहेत. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत. डेब्युइनला त्याच्यावर विश्वास ठेवणे जड जाते, ते यामुळेच. के-नी-टेचे उत्तर साधे आहे. त्याने कागदावर सही केली आहे. तो सैनिक आहे. या उत्तरापुढे चित्रपट जात नाही आणि त्याला त्यापेक्षा अधिक बोलूही देत नाही. प्रेक्षकाने मात्र तेथे थांबणे योग्य ठरते. ज्या राज्यव्यवस्थेचे करार अपाचींच्या बाबतीत वारंवार मोडले गेले, तिच्या कागदावरील सही पाळणारा माणूस अखेर अपाचीच आहे.

शेवटच्या चकमकीत मुख्य तुकडी वेळेवर पोहोचत नाही आणि मॅकिंटॉश मरणोन्मुख होतो. उल्झानासमोर जाण्याचे काम के-नी-टे एकटा पार पाडतो. मुलगा मारला गेल्याचे कळताच उल्झाना शस्त्र ठेवून मृत्युगीत गातो आणि के-नी-टे त्याला गोळी घालतो. त्यानंतर त्याच्या दफनाचे काम तो स्वतःकडे घेतो. सहीचे कर्तव्य गोळीने पूर्ण होते आणि नात्याचे कर्तव्य दफनाने. डेब्युइनला संपूर्ण मोहिमेत न सापडलेला नैतिक तोल या दोन कृतींत आहे. हॉर्हे लूके या मेक्सिकन अभिनेत्याने ही भूमिका अत्यंत संयमाने केली आहे. तथापि अपाचींच्या प्रमुख भूमिका अपाची नटांना न देणे आणि के-नी-टेला मोडक्या इंग्रजीत स्वतःविषयी तृतीयपुरुषी बोलायला लावणे, हे त्या काळाचे दोष चित्रपटाला चिकटलेलेच आहेत.

इतिहासाने दिलेले उत्तर

चित्रपटाचा आधार ऐतिहासिक आहे. चिरिकाहुआ अपाचींचा उल्झाना हा चिहुआहुआ या प्रमुखाचा भाऊ. नोव्हेंबर-डिसेंबर १८८५ मध्ये त्याने सुमारे दहा योद्ध्यांसह सुमारे चार आठवड्यांत १,२०० मैलांची मजल मारली. त्यात ३८ जणांचा बळी गेला आणि त्याचा केवळ एक साथीदार मारला गेला. बळींमध्ये फोर्ट अपाची परिसरातील व्हाइट माउंटन अपाचींची संख्या मोठी होती. चित्रपटाने मात्र संपूर्ण हल्ला गोऱ्या वसाहतकऱ्यांवर केंद्रित केला. त्यामुळे अपाची विरुद्ध अपाची हा संघर्षाचा पदर गळून पडला आणि के-नी-टेची निवड एकाकी, जवळजवळ गूढ वाटू लागली.

ती गूढ नव्हती. १८६६ च्या कायद्याने एक हजारापर्यंत मूळनिवासी स्काउट भरती करण्याची मुभा अमेरिकी सैन्याला मिळाली होती. जनरल जॉर्ज क्रुक यांनी अपाचींचा माग काढण्यासाठी अपाचींचाच उपयोग करण्याचे धोरण ॲरिझोनात राबवले. १८७२-७३ च्या मोहिमेतील दहा अपाची स्काउटांना 'मेडल ऑफ ऑनर' हा सर्वोच्च सन्मान देण्यात आला. राखीव क्षेत्रातील कोंडलेल्या जीवनात या नोकरीने पगार, शस्त्र आणि काही प्रमाणात प्रतिष्ठा दिली. जमातीतील गटांचे जुने वैरही भरतीमागे होते.

ऐतिहासिक उल्झाना कोणा स्काउटच्या गोळीने मेला नाही. मार्च १८८६ मध्ये भावासह तो क्रुक यांना शरण आला आणि त्याला फ्लोरिडातील फोर्ट मॅरियन येथे कैदेत पाठवण्यात आले. सप्टेंबर १८८६ मध्ये जेरोनिमो शरण आला. त्याला शरणागतीस राजी करणारे मार्टिन आणि कायिता हे अपाची स्काउटही त्याच्याबरोबर फ्लोरिडाला रवाना झाले. स्काउट म्हणून सेवा केलेला चाटो त्याच वर्षी वॉशिंग्टनला शिष्टमंडळातून गेला. तेथे त्याला पदक मिळाले. परतीच्या वाटेवर मात्र त्याला अडवून कैदेत टाकण्यात आले. चिरिकाहुआंचे हे बंदिवान जीवन १९१३ पर्यंत, म्हणजे २७ वर्षे चालले. हल्ला करणारा आणि त्याचा माग काढणारा यांत शासनाने फरक केला नाही.

समारोप

या इतिहासाच्या प्रकाशात चित्रपटाचा शेवट पुन्हा पाहिला असता त्याचा अर्थ बदलतो. मॅकिंटॉश मृत्यूची वाट पाहत सिगारेट वळत बसतो, त्याला वेस्टर्नच्या परंपरेतील सन्मान्य अंत लाभतो. डेब्युइन अनुभवी होऊन परततो. के-नी-टेचे पुढे काय होणार, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. इतिहासाने मात्र त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. उल्झानाला मूठमाती देणारा हा स्काउट ज्या किल्ल्यावर परतणार आहे, तेथून फ्लोरिडाची वाट फार लांब नाही.

'उल्झानाज् रेड' ही वेस्टर्न परंपरेतील श्रेष्ठ कृती आहे यात शंका नाही. तिने वाटाड्याच्या ज्ञानाची किंमत दाखवली. पण ती किंमत प्रामुख्याने गोऱ्या वाटाड्याच्या मृत्यूत मोजली. सत्तेच्या सेवेत शिरलेल्या पराभूत समाजातील माणसाला 'फितूर' किंवा 'निष्ठावान' अशा एका शब्दात बसवण्याचा मोह इतिहासलेखनाला आणि कलाकृतीला सारखाच होतो. के-नी-टे या दोन्ही शब्दांत मावत नाही. त्याने सही पाळली. ज्यांच्यासाठी पाळली त्यांनी ती पाळली नाही. चित्रपटाचे पुनर्वाचन या विषमतेपासून सुरू होणे अगत्याचे आहे.