बॅटमनचा रथ

वीराचें वर्णन करतांना आमच्या पुराणकारांचें लक्ष त्याच्या शस्त्रांइतकेंच त्याच्या वाहनाकडेहि असे. कर्णाचा शेवट त्यांनीं जमिनींत रुतलेल्या चाकाशीं आणून ठेविला. आणि युद्ध संपल्यावर श्रीकृष्णानें अर्जुनास आधीं खालीं उतरविलें व मगच तो रथ जळूं दिला. अमेरिकन चित्रपटांतील अद्भुत वीरांपैकीं सुपरमॅन स्वतःच उडतो, स्पायडरमॅनला कोळ्याचा धागा पुरतो. त्यांस रथ हवा कशाला? बॅटमन मात्र पैसा, व्यायाम आणि निश्चय ह्यांच्या बळावर वीर झालेला मनुष्य. त्यामुळें त्याची मोटार, म्हणजे सुप्रसिद्ध ‘बॅटमोबील’, ही त्याच्या स्वभावाचाच एक भाग होऊन बसते, आणि ती पडद्यावर कशी धांवते ह्यावरून चित्रपटकर्त्यानें आपल्या नायकाविषयीं कितपत खोल विचार केला आहे हें कळून येतें.

आरंभ फारच साधा होता. १९४३ सालीं कोलंबिया कंपनीनें काढलेल्या पंधरा भागांच्या मालिकेंत बॅटमन एका साध्या कॅडिलॅक गाडींतून हिंडतो. छप्पर खालीं असलें कीं ती ब्रूस वेन ह्या श्रीमंत गृहस्थाची, आणि वर ओढलें कीं बॅटमनची! एवढ्यानें जे फसले ते गुन्हेगार पकडले गेले ह्यांत नवल नाहीं. १९४९ च्या मालिकेंत कॅडिलॅकच्या जागीं मर्क्युरी आली. बाकी प्रकार तोच.

खरी बॅटमोबील प्रेक्षकांस दिसली ती १९६६ सालीं, प्रथम दूरचित्रवाणीवर व त्याच वर्षीं चित्रपटांत. जॉर्ज बॅरिस ह्या कारागिरानें ती नव्यानें घडविली नव्हती. लिंकन कंपनीनें १९५५ सालीं प्रदर्शनासाठीं इटलींतील घिया कारखान्यांतून करवून घेतलेली ‘फ्युच्युरा’ ही गाडी घेऊन त्यानें तिला काळा रंग व वटवाघुळाचे पंख दिले. हीच गाडी २०१३ सालीं लिलांवांत ४० लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. त्या चित्रपटांत सारीच थट्टा आहे, आणि थट्टा असल्यामुळें मोटारीकडून कसलीच जबाबदारी कोणी मागत नाहीं. १९८९ सालीं टिम बर्टन ह्यांच्या चित्रपटासाठीं अँटन फर्स्ट ह्यांनीं केलेली लांबलचक काळी गाडी निराळ्या जातीची. शेव्हरोलेच्या सांगाड्यावर चढविलेलें तें एक दुःस्वप्न आहे, आणि फर्स्ट ह्यांस त्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाबद्दल मिळालेलें ऑस्कर पारितोषिक सर्वथा योग्य होतें. १९९७ च्या चित्रपटांतील दिव्यांनीं लखलखणाऱ्या गाडीविषयीं, ती खेळण्यांच्या दुकानाकडे नजर ठेवून काढलेली दिसते, एवढें म्हटलें तरी पुरे.

ह्या सर्वांहून अधिक विचार करावयास लावते ती २००५ च्या ‘बॅटमन बिगिन्स’ मधील ‘टंबलर’. दिग्दर्शक क्रिस्तोफर नोलन व त्यांचे कलासहकारी नेथन क्रौली ह्यांनीं तिचे पहिले नमुने नोलन ह्यांच्या घरच्या गराजांत बसून तयार केले. पुढच्या दोन चाकांना जोडणारा आंस तिला नाहीं; मागें चार प्रचंड चाकें आहेत; आणि सुमारें अडीच टनांचें हें धूड क्रिस कॉर्बुल्ड ह्यांच्या मंडळींनीं खरोखरच रस्त्यावरून पळविलें व हवेंतून उडविलें. कथेंतहि तिला कारण दिलें आहे: नदीवर पूल टाकण्यासाठीं सैन्याकरितां बनविलेली व मग अडगळींत पडलेली ही गाडी. यंत्र खरें असल्यामुळें तिचें वजन प्रेक्षकाच्या अंगावर येतें. छपरांवरून ती जाते तेव्हां कौलें फुटतात, पोलिसांच्या गाड्यांचा चुराडा होतो.

आणि येथेंच प्रश्न उभा राहतो. विषबाधा झालेल्या रेचलला वांचविण्यासाठीं बॅटमन ही धांव घेतो, हें मान्य. पण वाटेंतील माणसांचें काय? तो वृद्ध सेवक आल्फ्रेड घरीं परतल्यावर त्यास नेमकें हेंच विचारतो व कडक शब्दांत विचारतो. आमच्या मतें साऱ्या चित्रपटांतील हा सर्वांत प्रामाणिक क्षण होय. परंतु विचारलेला प्रश्न तेथेंच सोडून दिला जातो. २००८ च्या ‘द डार्क नाइट’ मध्यें टंबलर मोडते आणि तिच्या पोटांतून दुचाकी ‘बॅटपॉड’ बाहेर पडते. ती कल्पना अप्रतिम, अर्जुनाच्या जळत्या रथाची आठवण करून देणारी. पण पुढल्याच क्षणीं तो रस्त्यांतील उभ्या गाड्या तोफांनीं उडवीत जातो, आणि त्याविषयीं आपल्याला दाखविलें काय जातें, तर गाडींत बसलेल्या मुलांची गंमत! ह्याच चित्रपटाच्या एका साहसदृश्याची चाचणी चालू असतां २००७ सालीं एका तंत्रज्ञास प्राणास मुकावें लागलें, आणि चित्रपट हीथ लेजर ह्यांच्याबरोबर त्याच्याहि स्मृतीस अर्पण केलेला आहे. पडद्यावरील वेगाला पडद्याबाहेर किती मोल पडतें हें ज्यांस ठाऊक होतें, त्यांनीं तो हंशा घ्यावयास नको होता.

२०२२ सालच्या मॅट रीव्हज ह्यांच्या ‘द बॅटमन’ मधील गाडी घरींच जुळविल्यासारखी, मागें उघडें इंजिन असलेली. भर पावसांत ती पेंग्विनचा पाठलाग करते, तो प्रसंग छायाचित्रणाच्या दृष्टीनें वरील सर्वांहून सरस आहे. आगीचा लोळ उठतो, शत्रु मेला असें समजून पेंग्विन आनंदानें ओरडतो, आणि ज्वाळांतून ती गाडी बाहेर येते! मालमोटारी एकमेकींवर आदळल्या, त्यांतील कित्येक चालक दगावले असतील. हें सर्व कशासाठीं? पेंग्विन हाच पोलिसांचा खबऱ्या असावा ह्या संशयासाठीं; आणि तो संशय खोटा ठरतो. एवढी विलक्षण नाट्यवस्तु हातीं आली असतां लेखकांनीं ती पेंग्विनच्या तोंडच्या थट्टेवारीं घालविली. बॅटमनला त्या महामार्गाकडे एकदांहि वळून पाहावयास लाविलें नाहीं. मात्र अखेरीअखेरीस शहरांत पाणी शिरतें तेव्हां हाच नायक हातांत लाल मशाल घेऊन, कमरेएवढ्या पाण्यांतून, घाबरलेल्या लोकांना वाट दाखवीत पायीं चालतो. त्या वेळीं गाडी कोठें आहे ह्याची कोणास आठवणहि होत नाहीं.