सोंग आणि सोबत

सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग मात्र आणता येत नाही, असे आपली जुनी म्हण सांगते. ‘किस’ या अमेरिकन हार्ड रॉक वाद्यवृंदाने सोंग आणूनच अमाप पैसा मिळवला. १९७३ साली न्यूयॉर्क येथे एकत्र आलेल्या चार तरुणांनी आपले चेहरे पांढरे रंगवले. पॉल स्टॅनलीने डोळ्यावर तारा काढला, पीटर क्रिस मांजर झाला, एस फ्रेली अंतराळवीर, तर जीन सिमन्स राक्षस. उंच टाचांचे बूट, ज्वाळा, धूर आणि तोंडातून ओघळणारे कृत्रिम रक्त यांच्या जोरावर त्यांनी गाण्याच्या कार्यक्रमाचे नाटक केले.

या नाटकाची अनेक ख्रिस्ती घरांनी धास्ती घेतली. वाद्यवृंदाच्या नावातच सैतानाच्या सेवकांचा उल्लेख दडला आहे, अशी अफवा पसरली. ती खोटी होती. राक्षसाचे सोंग घेणारा सिमन्स हा १९४९ साली हैफा येथे जन्मलेला ज्यू मुलगा. त्याची आई नाझींच्या छळछावणीतून वाचलेली होती. खरा राक्षस त्या माउलीने पाहिला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. तेव्हा रंगाला भिण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. हरकत घ्यायचीच तर ती गीतांवर घ्यावी. त्यांतील बरीच उथळ आहेत, स्त्रीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कोती आहे, आणि चालीही सोप्या, ठरावीक आहेत.

मग या कार्यक्रमात पाहण्यासारखे काय होते? मोठ्या शहरातील हजारो आसनांच्या बंदिस्त क्रीडागृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला गायकाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. म्हणून चेहरा रंगवावा लागतो आणि ज्वाळा उंच न्यावी लागते. तेथील अतिशयोक्ती ही अंतराची गरज असते. हे अंतरच नाहीसे झाले तर सोंगाचे काय होईल, याचे उत्तर कॅडिलॅक या गावाने दिले.

मिशिगन राज्याच्या उत्तर भागातील, लाकडाच्या व्यापारावर वाढलेले हे सुमारे दहा हजार वस्तीचे लहान शहर. १९७४ च्या हंगामात तेथील शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाने पहिले दोन सामने गमावले. जिम नेफ या साहाय्यक प्रशिक्षकाने खेळाडूंना ‘किस’ची गाणी ऐकवण्यास सुरुवात केली. खेळ साधा ठेवा, असे सांगणाऱ्या एका इंग्रजी वाक्याची आद्याक्षरेही याच नावाची होती. संघाने उरलेले सातही सामने जिंकले. ही गोष्ट वाद्यवृंदाच्या कानी गेली आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये, शाळेच्या वार्षिक स्नेहमेळाव्याच्या वेळी, चौघे कॅडिलॅकला आले.

कार्यक्रम शाळेच्या क्रीडागृहात झाला. ज्यांची ‘अलाइव्ह!’ ही ध्वनिमुद्रिका महिन्याभरापूर्वीच प्रसिद्ध होऊन गाजू लागली होती, ते कलावंत विद्यार्थ्यांपुढे पूर्ण वेषात उभे राहिले. जागा लहान म्हणून त्यांनी सोंग उतरवले नाही, यात आम्हांस प्रेक्षकांचा मान दिसतो. मात्र त्या भेटीतील सर्वांत बोलके छायाचित्र रंगमंचावरचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातील मान्यवर मंडळी सूट आणि टाय घालून, चेहरे ‘किस’प्रमाणे रंगवून, त्या चौघांसोबत न्याहारीला बसली. नंतर मिरवणूक निघाली, आणि निरोप घेताना हेलिकॉप्टरमधून मैदानावर पत्रके उधळली गेली.

आमच्या मते खरा प्रयोग त्या न्याहारीच्या टेबलावर झाला. मुखवट्याचे काम एरवी लपवण्याचे. तेथे त्याने माणसे जवळ आणली. ज्या वडीलधाऱ्यांनी मुलांच्या आवडीला नाके मुरडायची, त्यांनी तिचा रंग स्वतःच्या गालाला लावून घेतला. मुलांची सगळी गाणी त्यांना आवडली असतील, असे आम्ही म्हणत नाही. पण आवड पटणे वेगळे आणि आवडणाऱ्याच्या शेजारी बसणे वेगळे.

पुढे ‘किस’ने या रंगाचा बाजार मांडला. बाहुल्यांपासून शवपेटीपर्यंत अनेक वस्तूंवर ते चेहरे छापले गेले. २ डिसेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि त्याच्या शेवटी पडद्यावर त्यांच्या संगणकनिर्मित प्रतिमा अवतरल्या. या प्रतिमा थकणार नाहीत, म्हाताऱ्या होणार नाहीत. तंत्र म्हणून ते चकित करणारे आहे. पण त्या प्रतिमांना न्याहारीचे आमंत्रण कोण देणार? सोंगाआड घामेजलेला माणूस असतो, म्हणून सोंगाला किंमत असते. तो माणूस गेला की उरतो तो केवळ रंग.

आपल्या घरांतूनही मुलांच्या खोलीतून मोठा, कर्कश आवाज येतो. त्यावर दार लावून घेणे सोपे आहे. कॅडिलॅकच्या वडीलधाऱ्यांनी ते दार उघडले आणि एका सकाळपुरते आपले हसे होऊ दिले. त्या चौघांच्या संगीताहून हे धाडस आम्हांस मोठे वाटते.