‘आधा गाँव’मधील सलोखा

राही मासूम रझा यांची ‘आधा गाँव’ (१९६६) ही हिंदी कादंबरी त्यांच्या गाझीपूर जिल्ह्यातील गंगौली गावाची आहे. फाळणीच्या आगेमागे घडणाऱ्या या कथेकडे धार्मिक सलोख्याचे चित्रण म्हणून पाहिले जाते. ते अयथार्थ नाही. मोहरमच्या ताजियाविषयी तेथील हिंदूंनाही श्रद्धा आहे. तथापि या सलोख्याचा पाया तपासला पाहिजे. गंगौलीतील सर्वांत कठोर सीमा सय्यद जमीनदार आणि जुलाहे यांच्यामधील आहे. जुलाहा स्वधर्मीय खरा. पण त्याच्याशी बेटीव्यवहार सय्यदांना अशक्य वाटतो. येथे धर्मापेक्षा ‘हाडाची शुद्धता’ वरचढ ठरते. प्रत्येकाने आपली पायरी ओळखून राहावे, या अलिखित अटीवर गावाची एकोप्याची घडी टिकून आहे. त्यामुळे जमीनदारी संपुष्टात येताच तिचा आधार निखळतो. मराठी वाचकाला येथे हमीद दलवाई यांची ‘इंधन’ (१९६५) आठवेल. कोकणातील त्या गावातही धर्माच्या प्रश्नात जातीचे ताण गुंतलेले आहेत. राही जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करीत नाहीत. आणि पाकिस्तानच्या मागणीपुढे गंगौलीवरील आपला हक्कही सोडत नाहीत. जन्मभूमीवरील प्रेम आणि तिच्यातील विषमतेची जाणीव एकाच वेळी जागी ठेवणे, हे या कादंबरीचे खरे सामर्थ्य होय.